दीड लाखाच्या पुढे गेलेल्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल: हात लावावा की नाही?

सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या एका गाडीमालकांनी विचारलंय: २०१२ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. मीटरवर १,६२,००० किलोमीटर. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या पावत्या नीट ठेवल्यात, गिअरबॉक्सच्या ऑइलची मात्र एकही नोंद नाही. साठच्या आसपास एकसारख्या वेगात चालवताना खालून बारीक थरथर येते, बाकी तक्रार नाही. एक मेकॅनिक म्हणतो उद्याच बदला. दुसरा म्हणतो, एवढं रनिंग झाल्यावर हात लावलात तर गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा. ऐकायचं कुणाचं?

साहेब, ऑइल बदला. पण एका दमात नाही, मशीन लावून तर नाहीच, आणि बदलण्याआधी गिअरबॉक्स अजून धडधाकट आहे का ते बघून. दुसरा मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नाही. ऑइल बदललं आणि पंधरा दिवसांत गाडी जागेवर बसली, अशी उदाहरणं त्याने पाहिलेली असणार. फक्त ती गाडी कशाने बसली, याचा हिशेब चुकतोय.

आपल्याकडे ऑटोमॅटिकचा मालक ऑइल बदलायला येतो कधी? रेस वाढते पण गाडी पळत नाही, रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काही होतच नाही, तेव्हा. म्हणजे क्लचच्या प्लेटा आधीच झिजून संपलेल्या असतात. तेव्हा नवं ऑइल टाकलं काय आणि नाही टाकलं काय, शेवट ठरलेला असतो. ऑइल बदलल्यानंतर बसला म्हणून ऑइलवर बिल फाटतं. जुन्या ऑइलमध्ये क्लचची भुकटी मिसळलेली असते आणि तीच झिजलेल्या प्लेटांना थोडीफार पकड देत असते, हेही सांगितलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे. पण जो क्लच भुकटीच्या आधाराने चाललाय, त्याचे दिवस तसेही भरलेत. खरी भीती दुसऱ्या गोष्टीची. वर्षानुवर्षं तापलेल्या ऑइलचा चिकट थर आत बसलेला असतो. नव्या ऑइलमधले साफ करणारे घटक तो सोडवतात. हळूहळू सुटला तर काही होत नाही, एकदम खपल्या निघाल्या तर त्या व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कोणत्या क्लचकडे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये किंवा सोलेनॉइडच्या (विजेवर उघड-मीट होणाऱ्या झडपेच्या) जाळीत अडकतात आणि चांगला चालणारा बॉक्स झटके द्यायला लागतो. म्हणून टप्प्याटप्प्याने.

हे ऑइल करतं काय, ते समजलं की तुमच्या थरथरीचा उलगडा होतो. मॅन्युअल गाडीत गिअर ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑइल पंपाच्या दाबाने क्लच दाबून धरतं, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलने जोडणारा भाग) इंजिनाची ताकद पुढे नेतं, उष्णता बाहेर काढतं आणि वंगणही करतं. त्यात घर्षण नेमकं किती असावं हे ठरवणारे रासायनिक घटक घातलेले असतात. ठरावीक वेगाला टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. हे घर्षणाचे घटक मेले की तो क्लच धड पकडतही नाही आणि धड सोडतही नाही, पकड-सोड करत राहतो. तुम्हाला पायाखाली येतेय ती बहुधा तीच. टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं, तेही हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर जास्त.

बहुधा म्हणतोय, कारण खराब स्पार्क प्लग, दमलेली इग्निशन कॉइल किंवा बसलेलं इंजिन माउंटिंगही अशीच थरथर देतं, आणि गिअरबॉक्सच्या नावाने पैसे घालवून झाल्यावर कॉइल बदलून गाडी नीट झाल्याचे प्रकार गॅरेजवाल्यांना माहीत आहेत. ओळखायची सोपी युक्ती आहे. होटगी रोडच्या पुढे किंवा हैदराबाद हायवेला रिकाम्या पट्ट्यावर, मागे कुणी नाही हे बघून, थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. दिवा लागण्यापुरता, गाडी थांबवण्यासाठी नाही. ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतो. त्याच क्षणी थरथर गेली आणि ब्रेक सोडल्यावर परत आली, तर दुखणं लॉकअपचं, आणि ते ऑइलने बरं होण्याची चांगली शक्यता. काहीच फरक पडला नाही तर आधी प्लग-कॉइल बघून घ्या. डाव्या पायाला ब्रेकची सवय नसते, जोरात दाबला जातो, म्हणून शेजारच्या सीटवरच्यालाही बेल्ट लावायला सांगा.

मग गिअरबॉक्सची तब्येत. सकाळी थंड गाडी सुरू करा, इंजिनाची सुरुवातीची चढी रेस खाली बसू द्या, ब्रेक दाबून पीमधून डी, मग आर. एक सेकंदाच्या आसपास हलकासा धक्का लागून गिअर पडला पाहिजे. दोन-तीन सेकंद वाट बघावी लागत असेल किंवा धाडकन आवाज येत असेल तर काळजी आहे. नंतर चढ. सोलापूर सपाट, इथे गिअरबॉक्सची परीक्षा होत नाही. तुळजापूरच्या घाटात न्या. चढावर गिअर बदलताना रेस हजार-पाचशेने उसळली आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेटा घसरतायत. शेवटी स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड वाचून घ्या, इंजिनाचे वाचून कुणी परत पाठवत असेल तर ट्रान्समिशनचेही बघायला सांगा.

मग ऑइल बघायचं. तुमच्या गाडीला गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी बघायची पट्टी आहे, ही सोय नव्या गाड्यांतून गेली. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. रंगावर फार जाऊ नका. नवं ऑइल लाल असतं आणि तपकिरी होणं वयोमानाने येतंच. वास जास्त खरं बोलतो. करपलेला, नाकात जाणारा वास आला आणि थेंबात काळे बारीक कण दिसले तर क्लचचं अस्तर जळतंय. आणि ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा, गाडी चालवू नका. त्यात पाणी शिरलंय.

हे पाणी येतं कुठून, तेही सांगतो, कारण आपल्या भागात याला आमंत्रण देण्याची सवय आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. बाहेरून कूलंट, आतून ऑइल, मध्ये पातळ धातू. आता उन्हाळ्यात गाडी तापली की आपण काय ओततो? बोअरचं पाणी. सोलापूर जिल्ह्यातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या गिझरच्या कॉइलला विचारा. क्षार साठतात, गंज धरतो, कूलरला भोक पडतं आणि दोन्ही द्रव एकमेकांत जातात. पाण्याने क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो. अशा गाडीला आधी नवा रेडिएटर लागतो आणि बरेचदा गिअरबॉक्सही उघडावा लागतो, नुसतं ऑइल बदलून भागत नाही. म्हणून गाडी सेकंडहँड घेतली असेल तर कूलंट काढून बघा. नुसतं गढूळ पाणी निघालं तर समजून जा की आधीच्या मालकाने काय केलंय.

तुमच्या वर्णनावरून गिअर वेळेवर पडतोय, घसरण नाही, फक्त थरथर आहे. घाटातही तसंच दिसलं तर ऑइल बदलायला काहीच हरकत नाही.

आता कोणतं ऑइल. तुमच्या गाडीला होंडाचं एटीएफ (ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल) डीडब्ल्यू-१. आधी झेड-१ नावाचं असायचं, त्याची जागा याने घेतली, जुन्या गाड्यांनाही चालतं. दुकानदार ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणून डबा पुढे करेल, तो घेऊ नका. घर्षणाचं गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे. दोनशे-तीनशे रुपये लिटरमागे वाचवायची ही जागा नव्हे. डबा अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवरून, सील बघून घ्या, पावती ठेवा.

बाकीच्यांसाठी थोडं. ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळ्या जातींचे गिअरबॉक्स फिरतायत. सेलेरिओपासून सुरू झालेला एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र लावलेलं. त्यात गिअर ऑइल साधंच जातं आणि त्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं, एटीएफ तिथे कामाचं नाही. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींवर घासत चालतो, त्याला सीव्हीटीचंच ऑइल लागतं, होंडाला एचसीएफ-२, निसानला एनएस-२ किंवा एनएस-३. त्यात चुकून एटीएफ गेलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात आणि बॉक्स गेला. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीत (दोन क्लचच्या बॉक्समध्ये) क्लच ऑइलमध्ये बुडालेलेच नसतात, तिथे गिअरचं ऑइल वेगळं आणि मेकाट्रॉनिकचं (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्राचं) वेगळं. मी इथे सांगतोय ते सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांपुरतं. तुमची कोणती, ते गाडीच्या पुस्तकात बघा, गॅरेजच्या पोराला विचारून ठरवू नका.

प्रत्यक्ष काम अवघड नाही, पण क्रम मोडायचा नाही. गाडी थोडी फिरवून आणा, ऑइल कोमट हवं, भाजणारं नको. सपाट जागा, चारही बाजूंनी सारखी उंची. आधी भरायचा बोल्ट सैल करून बघायचा, मगच खालचा ड्रेन बोल्ट. हे उलटं केलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जॅकवर लटकते. होंडाच्या ड्रेन बोल्टला चौकोनी खाच असते, त्यात तीन-अष्टमांश इंचाचं रॅचेट थेट बसतं. घट्ट असतो, वेडावाकडा पान्हा लावून खाच गोल करू नका.

बोल्टच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर काय चिकटलंय ते नीट बघा, कारण आतली परिस्थिती सांगणारा एवढा प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. करड्या रंगाचा मऊ लेप असणारच, दीड लाखात तो बराच जाडही असेल, घाबरू नका. बोटांत चोळल्यावर टोचणारे धातूचे तुकडे, किस, चमकणाऱ्या सळया दिसल्या तर बेअरिंग किंवा गिअर तुटतोय. टबात पितळी चमक तरंगताना दिसली तर बुश झिजलेत. हे दिसलं तर नव्या ऑइलचे डबे फोडायच्या आधी थांबा.

निघालेलं ऑइल मोजा. तुमच्या गाडीतून साधारण अडीच लिटर येईल. आत एकूण असतं त्याच्या निम्म्याहून कमी. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, वाटांमध्ये अडकून राहतं. इथेच बहुतेकांची फसगत होते: एकदा बोल्ट काढून घातला आणि ‘ऑइल बदललं’. बदललं नाही, मिसळलं. दर वेळी ४० टक्के नवं जातंय असं धरलं तर पहिल्यांदा जुनं ६० टक्के उरतं, दुसऱ्यांदा ३६, तिसऱ्यांदा २१-२२. म्हणजे तीन वेळा केल्यावर साधारण ७८ टक्के नवं. दोन वेळांमध्ये पाचशे ते हजार किलोमीटरचं अंतर ठेवा. पंढरपूर, अक्कलकोट, एखादी पुण्याची चक्कर, एवढ्यात होऊन जातं. आत बसलेला थर हळूहळू सुटून निघालेल्या ऑइलबरोबर बाहेर पडतो, तिन्ही वेळचं ऑइल बाटल्यांत भरून शेजारी ठेवलं तर फरक डोळ्यांनी दिसतो.

जितकं निघालं तितकंच भरा, नवा वॉशर घाला. इंजिन सुरू करून ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून नेऊन आणा, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबा. मग गाडी पूर्ण तापू द्या, रेडिएटरचा पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद झाला की तापली. होंडात पातळी इंजिन बंद करून, ६० ते ९० सेकंदांच्या आत बघतात. बाकीच्या बऱ्याच गाड्यांत उलट, इंजिन चालू ठेवून. म्हणून दुसऱ्या गाडीचा अनुभव इथे चालवू नका. कमी भरलं तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतो. जास्त भरलं तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसालाही दाब धरता येत नाही. दोन्हीकडे मरण क्लचचंच.

ज्या गाड्यांत पट्टीच नसते, तिथे पातळी तापमानावर ठरते. इंजिन चालू, ऑइल ठरावीक तापमानाला, तपासणीचा बोल्ट काढायचा आणि ऑइल थेंबथेंब गळायला लागलं की पातळी बरोबर. हे ठरावीक तापमान अनेक गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या पट्ट्यात असतं. आता एप्रिल-मेमध्ये दुपारी सोलापूरचा पारा ४२-४३ दाखवतो. उन्हात उभी गाडी आत घेतली की इंजिन सुरू करायच्या आधीच ऑइल त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोहोचलेलं असतं, सुरू केलं की लगेच वर जातं. गरम ऑइल फुगतं, पातळी पूर्ण दिसते, मेकॅनिक बोल्ट लावतो आणि गाडी कमी ऑइल घेऊन बाहेर पडते. मग थंड सकाळी गिअर पडायला उशीर लागतो आणि दोष ऑइल बदलण्याला जातो. अशी गाडी असेल तर रात्री गॅरेजात ठेवा आणि सकाळी सातला काम सुरू करायला सांगा. तापमान स्कॅनरवर बघायचं, चेंबरला (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ट्रेला) हात लावून नाही. मेकॅनिकला वेळ नसेल तर तुम्हीच पावसाळ्यापर्यंत थांबा.

चेंबरवाल्या गाड्यांत चेंबर उतरवून आतला फिल्टरही बघावा लागतो. कागदी किंवा फेल्टचा असेल तर नवा, धातूच्या जाळीचा असेल तर धुऊन चालतो. चेंबरचे बोल्ट बारीक असतात आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, जोर लावला की आटे जातात. आणि एक सोलापुरी सूचना: आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात कारखान्यातून आलेले सेकंड क्वालिटीचे टॉवेल पुसायला असतात. इंजिनाला खुशाल वापरा, उघड्या व्हॉल्व्ह बॉडीजवळ मात्र टॉवेल नेऊ नका. त्याचा एक धागा व्हॉल्व्हच्या वाटेत अडकला तर गिअर का पडत नाही ते शोधता शोधता महिना जाईल. तिथे धागे न सुटणारं कापड आणि हवेचा झोत, बस्स.

मशीनने फ्लश करून घ्या, सगळंच ऑइल एकदम बदलतं, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल. पहिल्यापासून दर ४० हजारांना ऑइल बदललेल्या गाडीला, कूलरच्या पाइपमधून गाडीच्याच पंपाच्या दाबाने केलं तर मला आक्षेप नाही. पण १,६२,०००वर पहिल्यांदा हात लागणाऱ्या बॉक्सला, बाहेरून दाब देऊन आणि वर साफ करणारं केमिकल घालून? नको. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने पाहिलेल्या गाड्यांमधल्या काही याच वाटेने गेल्या असतील.

‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नाही’ हेही ऐकायला मिळेल. लाइफ कुणाची, हा प्रश्न कंपनीला विचारा. बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते, आणि तेच बॉक्स बसवलेल्या गाडीचा विक्रेता लाइफटाइम म्हणतो. बनवणाऱ्याचं ऐका. शिवाय तो आकडा जर्मनीतल्या हवेतला. ऑइलचं कामाचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे उन्हाळा, त्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे पंधराच्या वेगाने तासभर रांगणं. त्या वेगाला लॉकअप लागत नाही, सगळी ताकद ऑइल घुसळूनच पुढे जाते आणि ऑइल तापतं. म्हणून इथल्या गाडीला मी ४० हजार किंवा तीन वर्षं, यांतलं जे आधी येईल ते सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर तीन वेळचं मिळून आठ लिटर ऑइल धरा, तीन वॉशर आणि तीन वेळची मजुरी. जुनं ऑइल गॅरेजवाल्याने भंगार ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला द्यायचं असतं, नाल्यात जात नाहीये ना तेवढं बघा.

पहिल्या वेळेनंतर थरथर लगेच जाणार नाही, थोडी कमी होईल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला खरा फरक कळतो. सुरुवातीला गिअर जरा वेगळे पडल्यासारखे वाटतील, कारण गाडीच्या कॉम्प्युटरने जुन्या ऑइलप्रमाणे दाब जुळवून घेतलेला असतो. तो नव्याने शिकतो, तोवर मऊ हाताने चालवा. तिसऱ्यांदा करूनही थरथर तशीच राहिली तर लॉकअपचं अस्तर गेलंय, टॉर्क कन्व्हर्टर काढून दुरुस्त करून घ्यावा लागेल.

आणि घाटातल्या परीक्षेत गाडी घसरली, तर ऑइलचे पैसे वाचवा. तेव्हा पर्याय दोनच: बॉक्स उघडून नव्या प्लेटा-सील घालणारा, ऑटोमॅटिकचंच काम करणारा माणूस शोधणं, किंवा गाडीची किंमत बघून आहे तशी, दोष सांगून विकणं. काउंटरवर मिळणाऱ्या ‘स्लिप बंद’ म्हणणाऱ्या बाटल्या मध्ये आणू नका. त्या सील फुगवून चार आठवडे गाडी चालवतात, आणि नंतर बॉक्स उघडणाऱ्याला आधी ती घाण धुवावी लागते, तिची मजुरी तुमच्याच बिलात येते.